गंज

आमच्याकडे गंज म्हणजे पातेलं.
ज्यात वरण शिजतं, तो गंज.
लोखंडावर चढतो, तोही गंजच.
एक दुसऱ्यात जाऊन बसेल
हे मात्र कधी मनात आलं नव्हतं.

दिवाळीनंतर दारव्ह्याच्या भंगारवाल्यानं
राजदूत काट्यावर चढवली.
एकशे चार किलो. अठ्ठावीसचा भाव.
मी म्हटलं, टायर रबराचे आहेत भाऊ,
ते लोखंडात कायले मोजता?
त्यानं माझ्याकडे पाहिलं, मग टायरकडे,
आणि आठ किलो सोडले.
हँडलला दुधाच्या कॅनची आकडी अजून लटकलेली,
ती त्यानं फुकट दिली.

मी हिशेब फॉलमध्ये करते.
एक फॉल-पिको, पन्नास रुपये.
गाडी चोपन्न साड्यांची पडली.
पिस्टनच्या रिंगा आठ साड्या,
पॉइंट आणि कंडेन्सर पाच,
सायलेन्सरचा भाव विचारला आणि
दुकानाच्या पायऱ्या उतरले.
तेलाचा डबा कापून पत्रा ठोकला त्याला.

सगळ्यात आधी सीट शिवली.
इंजिन पोत्यात बांधलेलं, चाकं भिंतीला टेकलेली,
आणि मी रेक्झिनला दुहेरी टीप मारत बसले.
तीन सुया तुटल्या.
तेवढंच येत होतं मला.

घासलेट आता मिळत नाही, डिझेल आणलं.
सांदवाडीत, लिंबाच्या बुडाशी,
वरणाच्या गंजात कार्बोरेटर भिजत घातला.
गंज सुटला. गंजाला वास लागला.
आचल दोन दिवस जेवताना
ताट नाकाजवळ नेऊन बघत होती, बोलली काही नाही.

ताजने मिस्त्रीला आता दिसत नाही.
मी एकेक भाग त्यांच्या हातात द्यायची,
ते अंगठा फिरवून नाव सांगायचे,
कधी त्या भागाचं, कधी एखाद्या जुन्या गिऱ्हाइकाचं.
जेट हातात घेतला आणि थांबले.
"सुई घातली ना वं यात?"
नऊ नंबरची, म्हटलं, बारीक.
"जेटचं भोक म्हणजे काजाचं भोक नोहे!
मोठं होऊन जाते. फुंक मार."
सव्वीस वर्षं मी भोकात दोरा ओवत आले,
आता नुसता श्वास ओवायचा होता.
नवा जेट, दोन साड्या.

ही गाडी किक परत मारते.
नडगीवर असा एक रंग उमटला
ज्याला बाजारात मॅचिंग अस्तर मिळणार नाही.
मार्च असा गेला.
गिऱ्हाइकं मापं देता देता विचारायची, चालू झाली का?
मी म्हणायची, हात वर करा.

सगळं जोडून झाल्यावर एक वॉशर उरलं.
कुठलं ते मिस्त्रींनाही सांगता येईना.
बटणांच्या डब्यात आहे.
आधी हॉर्न वाजला, चावी नसताना,
रात्री साडेदहाला, आपल्या मनानं.
दिवा अजून लागत नाही.

एप्रिलमधली दुपार, गल्ली कूलरखाली झोपलेली.
खोकल्याच्या औषधाच्या झाकणानं ऑइल मोजलं,
पेट्रोलमध्ये ओतलं, बाटली हलवली.
पदर खोचला.
सतरावी किक.

आधी धूर, पांढरा, लिंबाच्या पानांतून वर जाणारा.
मग आवाज,
जसा कोणी पत्र्यावर हरभरे ओततं आहे.
स्टँडवर उभी गाडी थरथरत होती,
मागचं चाक कुठेही न जाता फिरत होतं,
मी दोन्ही हातांनी हँडल धरून,
आणि तेव्हा, वय त्रेचाळीस, पहिल्यांदा सुचलं
की मला चालवता येत नाही.
सहा महिन्यांत हे कोणी विचारलं नाही.
मीही नाही.

दोन घरं सोडून, खाटेवरून,
ताजने मिस्त्री ओरडत होते:
"चोक बंद कर वं पोरी!
चोक!"